विश्वविद्यालयांतील कांचेची भट्टी



हातानें करावयाची कारागिरी महाविद्यालयाच्या वर्गांत शिकवितां येते काय, हा प्रश्न जुना आहे. पुस्तकी विद्येचे अभिमानी म्हणतात कीं, कारागिरी ही अंगमेहनतीची बाब. तिला विश्वविद्यालयांत स्थान कशाला? उलट पिढीजात कारागीर म्हणतो कीं, जें बापानें मुलाच्या हातावर हात ठेवून वर्षानुवर्षें शिकवावयाचें, तें तासाची घंटा झाली कीं उठून जाणाऱ्या पोरांना काय येणार? दोघांचीं कारणें निराळीं, पण निकाल एकच. या निकालाची परीक्षा पाहणारी एक गोष्ट विसाव्या शतकांत अमेरिकेंत घडली. सुमारें दोन हजार वर्षें कारखान्याच्या भिंतीआड नांदलेली कांच फुंकण्याची कला १९६२ सालीं तेथें विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या हातीं आली आणि थोड्याच वर्षांत विश्वविद्यालयाच्या अभ्यासक्रमांत जाऊन बसली. त्या घटनेचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे; आणि तो सांगतांना आपल्या तळेगांवची आठवण कां होते, तेंही सांगावयाचें आहे.

प्रथम कांचेचा स्वभाव पाहूं. वाळू, सोडा आणि चुना हीं तीन सामान्य द्रव्यें प्रखर अग्नींत एकजीव झालीं म्हणजे नेहमीची कांच होते. बर्फ जसें एका ठराविक अंशावर वितळतें, तसें कांचेचें नाहीं. ती हळूहळू मऊ होते आणि हळूहळूच कठीण होते. ११०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास ती मधासारखी ओघळते. उष्णता उतरूं लागली कीं मेणासारखी ओढतां येते. आणखी उतरली कीं हट्टी होते, आणि सुमारें ५०० अंशांच्या खालीं तिला कोणताही नवा आकार देतां येत नाहीं. मधाची स्थिति आणि हट्टाची स्थिति यांच्या मध्यें जो अल्पसा अवधि मिळतो, तेवढाच कारागिराचा. तो अवधि मिनिटांनीं मोजावयाचा असतो. विचार करीत बसणारास कांच थांबत नाहीं. म्हणून या धंद्यांत विचार हातांतच मुरलेला असावा लागतो.

पोकळ नळीच्या टोकास हा रस घेऊन दुसऱ्या टोकानें फुंकर घातली तर आंत फुगा धरतो, हा शोध इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांत भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, सीरिया व पॅलेस्टाइन या प्रदेशांत लागला. जेरुसलेम येथील उत्खननांत त्या काळच्या आरंभीच्या प्रयोगांचे अवशेष मिळाले आहेत. तत्पूर्वीं कांचेचें लहानसें पात्र करणें म्हणजे मोठें कष्टाचें काम असे, आणि तें राजेरजवाड्यांच्याच घरीं शोभे. फुंकरीच्या युक्तीनें सर्व पालट झाला. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो यानें त्या काळच्या रोम शहरासंबंधीं लिहितांना, तेथें कांचेचा पेला तांब्याच्या एका नाण्यास मिळतो, असें नमूद करून ठेविलें आहे. एका फुंकरीनें राजाची वस्तु रस्त्यावरच्या माणसाच्या ओठांस लागली.

परंतु वस्तु सर्वांस मिळाली, तरी विद्या सर्वांस मिळाली नाहीं. व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें १२९१ सालीं शहरांतील कांचेच्या भट्ट्या मुरानो नांवाच्या बेटावर हलविण्याचा हुकूम काढिला. आगीचें भय हें त्याचें एक कारण होतेंच. परंतु बेटावर कोंडलेल्या कारागिरांवर आणि त्यांच्या गुपितांवर नजर ठेवणेंही त्यामुळें सोपें झालें. राज्य सोडून परदेशीं जाऊन धंदा करणें हा या कारागिरांस गुन्हा ठरला. तरीही माणसें जात असत; कारण दुसऱ्या राजांची थैली मोठी असे. फ्रान्सचा मंत्री कोल्बेर यानें १६६५ सालीं आरशांचा राजकीय कारखाना काढिला, तेव्हां मुरानोचे कारागीर फोडून आणल्यावांचून त्याचें काम चाललें नाहीं.

येथें एक लक्षांत घेण्यासारखी गोष्ट आहे. अंतोनिओ नेरी नांवाच्या इटालियन धर्मोपदेशकानें १६१२ सालीं कांचेच्या कृतींचा एक ग्रंथ छापून प्रसिद्ध केला होता, आणि १६६२ सालीं ख्रिस्तोफर मेरेट यानें त्याचें इंग्रजी भाषांतरही केलें होतें. कोणतें द्रव्य किती घ्यावें, कोणता रंग कशानें येतो, हें सर्व त्यांत होतें. तरीही कोल्बेरास पुस्तक पुरलें नाहीं, माणसें लागलीं. कृति छापतां येते. हात छापतां येत नाहीं. मेरेटच्या भाषांतरानंतर बरोबर तीनशें वर्षांनीं अमेरिकेंत जो प्रयोग झाला, त्यासही याच सत्याचा अनुभव आला.

तो प्रयोग ज्या शहरीं झाला, त्या टोलेडोची कथाही मोठी विलक्षण आहे. ओहायो संस्थानांतील या गांवीं एडवर्ड लिबी या गृहस्थानें १८८८ सालीं आपला कांच कारखाना पूर्वेकडून हलवून आणिला. त्याच्या हाताखालीं मायकेल ओवेन्स नांवाचा एक मनुष्य पुढें आला. हा ओवेन्स दहा वर्षांचा असतांना कांचेच्या कारखान्यांत कोळसा ओढण्याच्या कामावर लागला होता आणि पंधराव्या वर्षीं कांच फुंकणारा कारागीर झाला होता. भट्टीपाशीं ज्याचें बालपण जळालें, त्याच माणसानें १९०३ सालीं आपोआप बाटल्या करणारें यंत्र सिद्ध केलें. या यंत्रानें कारखान्यांतील अल्पवयी मुलांची पिळवणूक कमी होण्यास मोठा हातभार लागला, हें त्याचें श्रेय निःसंशय आहे. पण त्याच यंत्रानें बाटल्या फुंकणाऱ्या हजारों कुशल हातांचें काम संपविलें, हेंही तितकेंच खरें. अर्ध्या शतकाच्या आंत अमेरिकेंत अशी समजूत रूढ झाली कीं, कांच ही यंत्राची वस्तु. मनुष्यानें ती एकट्यानें आपल्या हातानें करणें आतां शक्यच नाहीं. ज्या टोलेडोंत यंत्रानें फुंकर बंद केली, त्याच टोलेडोंत ती पुन्हां सुरू व्हावी, हा योगायोग म्हणावा कीं न्याय म्हणावा, तें आपणच ठरवावें.

आतां या कथेचा नायक. हार्वे लिटल्टन यांचा जन्म १९२२ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्निंग या कांचेच्या गांवीं झाला. त्यांचे वडील जेसी लिटल्टन हे तेथील प्रसिद्ध कारखान्यांत पदार्थविज्ञानाचे संशोधक होते. १९१३ सालीं जेसी यांनीं विजेच्या घटमालेसाठीं केलेल्या कांचेच्या बरणीचा कापलेला तळ घरीं आणून पत्नीस त्यांत केक भाजावयास सांगितलें. कांच तडकली नाहीं, आणि त्या प्रयोगांतून पुढें १९१५ सालीं पायरेक्सचीं भांडीं बाजारांत आलीं. अशा घरांत वाढलेल्या मुलानें पदार्थविज्ञान शिकावें, अशी वडिलांची इच्छा असणें साहजिक होतें. मुलानें तें शिकण्यास आरंभही केला, परंतु त्याचें मन शिल्पाकडे ओढलें गेलें. अखेर ते कुंभारकामाचे शिक्षक झाले आणि १९५१ पासून विस्कॉन्सिन विश्वविद्यालयांत मॅडिसन येथें शिकवूं लागले.

कुंभारकाम शिकवितांना त्यांस एक विषमता नेहमीं टोंचत असे. मातीचें भांडें घडविणारा कलावंत आपल्या चाकापाशीं, आपल्या भट्टीपाशीं एकटा बसून कल्पनेपासून वस्तूपर्यंत सर्व काम स्वतः करतो. कांचेंत मात्र नमुना काढणारा कागदावर रेघ ओढतो आणि भट्टीपुढचा कारागीर ती रेघ मुकाट्यानें कांचेंत उतरवितो. डोकें एका खोलींत आणि हात दुसऱ्या खोलींत. या दोहोंची भेट घडवितां येणार नाहीं काय? १९५७-५८ सालीं ते युरोपांत गेले, तेव्हां मुरानोंत त्यांनीं कित्येक लहान कारखाने पाहिले. तेथील भट्ट्या कांहीं अवाढव्य नव्हत्या. भट्टी लहान असूं शकते, एवढी एकच गोष्ट त्यांनीं मनांत धरली आणि ते परतले.

तथापि प्रत्यक्ष आरंभ व्हावयास आणखी चार वर्षें लागलीं. टोलेडोच्या कलासंग्रहालयाचे संचालक ऑटो विटमन यांनीं संग्रहालयाच्या आवारांतील एक साधी कोठारवजा जागा लिटल्टन यांस दिली. २३ मार्च १९६२ रोजीं तेथें पहिला वर्ग भरला. जमलेली मंडळी मुख्यत्वें कुंभारकाम शिकविणारी व शिकणारी होती. कांच कोणासही ठाऊक नव्हती. आणि पहिल्या झपाट्यालाच अपयश आलें. लिटल्टन यांनीं सिद्ध केलेल्या मिश्रणाची पहिली वितळ साफ फसली. थोड्या दिवसांचा वर्ग, आणि फुंकावयास रसच नाहीं, असा प्रसंग ओढवला.

या वेळीं दोन माणसें कामास आलीं, आणि माझ्या मतें या सर्व इतिहासाचें मर्म त्या दोन माणसांत आहे. पहिले डॉमिनिक लॅबिनो. हे कांचेचे तंतु बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनींत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांनीं भट्टीची रचना बदलविली आणि तंतु काढण्यासाठीं कारखान्यांत वापरतात त्या कांचेच्या तयार गोट्या वितळविण्याची युक्ति सांगितली. गोट्या विरघळल्या, रस चांगला झाला. आतां रस होता, परंतु तो फुंकावा कसा हें नीटसें कोणास येत नव्हतें. तेव्हां दुसरा मनुष्य पुढें आला. हार्वे लीफग्रीन हे लिबीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले वृद्ध कारागीर. त्यांनीं नळी हातांत घेतली आणि कांच कशी फुंकावी तें जमलेल्या शिक्षित मंडळींस करून दाखविलें. शास्त्रज्ञानें रस दिला, कारागिरानें हात दाखविला आणि अध्यापकानें जागा व जिज्ञासा दिली. या तिघांपैकीं एक जरी नसता, तरी तो वर्ग एक फसलेली हौस म्हणून विसरला गेला असता. जून महिन्यांत दुसरा वर्ग भरला आणि तो अधिक यशस्वी झाला.

त्यानंतर लिटल्टन यांनीं वेळ गमावला नाहीं. १९६२-६३ च्या शैक्षणिक वर्षांत त्यांनीं मॅडिसनजवळच्या आपल्या शेतावरील भट्टीवर विद्यार्थ्यांस शिकविण्यास आरंभ केला, आणि १९६३ सालीं कांच हा विषय विश्वविद्यालयाच्या अभ्यासक्रमांत आला. अमेरिकेच्या विश्वविद्यालयांतून कलेच्या विद्यार्थ्यास गरम कांचेचें शिक्षण देण्याची परंपरा येथून सुरू झाली असें मानितात.

अशा वर्गांत विद्यार्थी काय शिकतो? पहिला धडा अगदीं साधा आणि अत्यंत कठीण: नळी फिरवीत राहणें. चार-पांच फूट लांबीच्या लोखंडी नळीच्या टोकास मऊ रस लोंबत असतो. नळी क्षणभर थांबली कीं तो एका अंगास ओघळतो. म्हणून बोलतांना, चालतांना, बसतांना हात फिरतच राहिला पाहिजे. नंतर रस सपाट लोखंडी पाटावर लोळवून त्याची गोलाई साधावयाची. मग फुंकर. नवशिक्या जोरानें फुंकतो आणि फुगा एकीकडे पातळ होऊन फुटतो. जाणता थोडीशी हवा घालून नळीचें तोंड अंगठ्यानें बंद करतो, आणि आंतली हवा तापून आपोआप फुगा धरते. ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर घेऊन तिनें तप्त कांचेस आकार देतात; हाताच्या आणि हजार अंशांच्या मध्यें तेवढाच भिजका कागद असतो. कांच निवूं लागली कीं ती दुसऱ्या भट्टीच्या तोंडांत पुन्हां तापवावयाची, चिमट्यानें तिची मान आवळावयाची, आणि मग तळाशीं भरीव दांडा चिकटवून ती नळीवरून सोडवून घ्यावयाची, म्हणजे तोंड घडवितां येतें.

यांतील कित्येक गोष्टी एकट्यानें होत नाहींत. एक बसून आकार देतो, तेव्हां दुसऱ्यानें नळींत फुंकावें लागतें. तिसऱ्यानें भट्टीचें दार उघडावें लागतें. परीक्षेंत शेजाऱ्याची वही पाहणें हा जेथें अपराध, तेथें हा एक वर्ग असा कीं शेजाऱ्याच्या श्वासावांचून आपली वस्तु पुरी होत नाहीं. आणि सर्व झाल्यावरही वस्तु लगेच हातांत घेतां येत नाहीं. ती निवविण्याच्या भट्टींत ठेवून कित्येक तास सावकाश थंड करावी लागते. घाईनें थंड केलेली कांच बाहेरून आवळते, आंत ताण राहतो, आणि दिसावयास निर्दोष असलेली वस्तु दुसऱ्या दिवशीं कोणी हात न लावतां तडकते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील एक प्रकरण विद्यार्थ्याच्या डोळ्यांदेखत असें फुटतें आणि तें तो जन्मभर विसरत नाहीं.

लिटल्टन यांच्या हाताखालून निघालेले विद्यार्थी चोहोंकडे पसरले. मार्विन लिपोफ्स्की यांनीं १९६४ सालीं कॅलिफोर्निया विश्वविद्यालयांत बर्कली येथें कांचेचा वर्ग काढिला. सॅम हर्मन इंग्लंडांत गेले आणि तेथील तरुणांस त्यांनीं हाच मार्ग दाखविला; लंडनमधील ग्लासहाउस ही कलावंतांची कार्यशाळा १९६९ सालीं उघडली. डेल चिहुली यांनीं १९६७ सालीं मॅडिसनची पदवी घेतली, आणि १९७१ सालीं वॉशिंग्टन संस्थानांत हॉबर्ग दांपत्याच्या रानांत पिलचक येथें एक उन्हाळी शाळा सुरू केली. पहिल्या वर्षीं तेथें धड निवारा नव्हता. विद्यार्थ्यांनीं पावसांत आपापलीं खोपटीं उभारलीं आणि आधीं भट्टी पेटविली. ती शाळा पुढें जगांतील कांचकलेचें एक प्रमुख पीठ झाली.

येथवरची कथा विजयाची आहे. परंतु इतिहास सांगणारानें जमेबरोबर खर्चही मांडला पाहिजे. या नव्या विद्यार्थ्यांनीं आरंभीं जें केलें, तें पाहून जुन्या कारागिरांस हसूं आलें असेल तर त्यांस दोष देतां येणार नाहीं. वेडेवांकडे फुगे, जाड तळ, कलंडलेलीं तोंडें. लिटल्टन यांचें म्हणणें असें कीं, तंत्र ही स्वस्त वस्तु आहे; ती कोठेंही मिळते; कल्पना महत्त्वाची. हें वचन कारखान्याच्या कवायतीस उत्तर म्हणून समजण्यासारखें आहे. मात्र ज्यास तंत्र येत नाहीं त्यानें तें स्वस्त म्हणावें, यांत थोडा धोका आहे. कल्पना मोठी आणि हात लहान असला, म्हणजे जें हातून चुकून घडलें त्यालाच कल्पना म्हणण्याचा मोह होतो.

हा धोका त्यांच्याच शिष्यांनीं ओळखला. चिहुली १९६८ सालीं मुरानोंत व्हेनिनीच्या कारखान्यांत गेले, आणि तेथें एका वस्ताद कारागिराभोवतीं अनेक मदतनीस एका मेळानें कसे काम करतात, तें त्यांनीं पाहिलें. एकट्या कलावंताचा आदर्श घेऊन गेलेला शिष्य मेळ्याचें महत्त्व शिकून परत आला. १९७६ सालीं इंग्लंडांत मोटारीच्या अपघातांत त्यांचा एक डोळा गेला आणि पुढें खांद्यासही इजा झाली. तेव्हांपासून नळी दुसऱ्यांच्या हातीं देऊन ते मेळ्याचे नायक झाले. ज्या विभागणीस कंटाळून लिटल्टन यांनीं कारखान्याबाहेर पाऊल टाकिलें, तिचेंच एक निराळें रूप असें पुन्हां आलें. फरक इतकाच कीं आतां नळी धरणाराही शिकलेला आणि स्वतंत्र वृत्तीचा होता.

यापुढची घटना मला सर्वांत हृद्य वाटते. लीनो ताल्यापिएत्रा हे मुरानोचे खरेखुरे भूमिपुत्र. १९३४ सालीं जन्मलेले, अकरा वर्षांचे असतांनाच भट्टीपाशीं उमेदवारीस लागलेले. १९७९ सालीं ते पिलचकला शिकवावयास आले. ज्या बेटाची विद्या बाहेर नेणें हा एके काळीं गुन्हा होता, त्या बेटाचा वस्ताद स्वतःच्या पायांनीं अमेरिकन विद्यार्थ्यांपुढें उभा राहिला आणि त्यानें सर्व हातोटी उघड करून दाखविली. मुरानोंत कित्येकांस हें रुचलें नाहीं. आपल्या मुलांच्या तोंडचा घास परक्यांस देणें त्यांस कसें रुचावें? परंतु त्या देण्यानें अमेरिकेच्या हातांस कौशल्य आलें. आणि घेणाऱ्यांच्या निर्भय कल्पकतेनें देणाराही पालटला. पिढीजात मर्यादा मोडून तो स्वतः स्वतंत्र कलावंत झाला. विद्या दिल्यानें वाढते असें आपण लहानपणापासून घोकतों. तिचा असा रोकडा पुरावा क्वचितच सांपडतो.

आतां तळेगांव. अमेरिकेंतील त्या पहिल्या वर्गाच्या चोपन्न वर्षें आधीं, १९०८ सालीं, पुण्याजवळ तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा कांच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनीं दर माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढिली आणि गांवोगांव हिंडून तो फंड उभारिला. लोकमान्य टिळकांनीं त्या कार्यास पाठबळ दिलें. कारखान्याची सूत्रें जपान व अमेरिका येथें शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होतीं. आणि ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, तो नुसता कारखाना नव्हता, ती शाळाही होती. पांढरपेशा घरांतील तरुणांनीं भट्टीपुढें उभें राहून नळी तोंडास लावावी, हें त्या काळीं केवढें धाडस होतें! परक्याच्या उष्ट्याचा, सोंवळ्याओंवळ्याचा विचार ज्या समाजांत पदोपदीं, त्यांत एका नळीस अनेकांनीं तोंड लावावयाचें! तेथें शिकलेले लोक पुढें हिंदुस्थानांतील निरनिराळ्या कांच कारखान्यांत गेले. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कराडजवळ आपला कारखाना काढिला, आणि ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलानें महाराष्ट्राच्या खेडोपाडीं रात्रीचा उजेड नेला.

या दोन प्रयोगांत भेद आहे, तो झांकूं नये. मॅडिसनचा विद्यार्थी स्वतःच्या कल्पनेस रूप देण्यासाठीं भट्टीपाशीं गेला. तळेगांवचा विद्यार्थी देशास स्वतःचा उद्योग मिळावा म्हणून गेला. एकाच्या पाठीशीं यंत्रयुगाचा कंटाळा होता, दुसऱ्याच्या पाठीशीं परदेशी मालाचा डोंगर होता. तळेगांवास चिमण्या आणि बरण्या हव्या होत्या, एकमेव अशी कलाकृति नको होती. परंतु दोहोंत एक साम्य आहे, आणि तें या भेदाहून मोठें आहे. शिकलेल्या माणसानें आपला हात तापवून घेतला पाहिजे, आणि कारागिराच्या विद्येला शाळेचें दार उघडलें पाहिजे, हें दोन्ही ठिकाणीं मान्य झालें. आपण तें आधीं केलें. मात्र तळेगांवची शाळा उद्योगाशीं जखडलेली राहिली. आपल्या विश्वविद्यालयांनीं तो धागा उचलून कलेच्या आणि शास्त्राच्या विद्यार्थ्यांस सररास भट्टीपुढें उभें केलें नाहीं. अमेरिकेंत जी मालिका जुळली, ती येथें तुटली.

आज या विद्येची स्थिति काय आहे? भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते आणि इंधन महाग आहे. २००९ सालीं आयर्लंडांतील वॉटरफर्डचा मोठा कारखाना बंद पडला. इंग्लंडांतील संडरलंड या गांवीं तर सातव्या शतकांत बेनेडिक्ट बिस्कप या मठाधिपतीनें मठाच्या खिडक्यांसाठीं गॉल देशांतून कांचेचे कारागीर आणविले होते, आणि त्यांनीं तेथील लोकांस ही विद्या शिकविली, असें बीड या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. त्या गांवचा पायरेक्सचा कारखाना २००७ सालीं बंद झाला. आणि १९९८ सालीं उघडलेलें तेथील राष्ट्रीय कांच केंद्र ज्या विश्वविद्यालयाकडे होतें, त्यानें दुरुस्तीचा खर्च झेपत नाहीं म्हणून तें २०२६ पर्यंत बंद करण्याचा निर्णय जानेवारी २०२३ मध्यें जाहीर केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत युनेस्कोनें हातानें कांच घडविण्याची विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत दाखल केली. एका हातानें गौरव आणि दुसऱ्या हातानें कुलूप, अशी ही अवस्था आहे.

म्हणून आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर सावधपणें दिलें पाहिजे. कारागिरी विश्वविद्यालयांत शिकवितां येते. टोलेडो व मॅडिसन यांनीं तें सिद्ध केलें आहे. परंतु ती केवळ विश्वविद्यालयाच्या बळावर शिकवितां येत नाहीं. त्या कोठारांत निवृत्त लीफग्रीन आले नसते, आणि पुढें मुरानोचे लीनो आले नसते, तर वर्ग राहिला असता, विद्या राहिली नसती. कारखाने एकामागून एक बंद पडत असतां असे वृद्ध वस्ताद पुढच्या पिढीस मिळणार कोठून, ही आजची खरी चिंता आहे. जेथें अजून नळी फिरते आहे, तेथें ती फिरविणारा हात थकण्यापूर्वीं त्याच्या शेजारीं एक शिकणारा हात उभा करणें, एवढेंच त्यावर औषध आहे. मग तो फिरोजाबादचा कारागीर असो वा मुरानोचा. आणि शिकणारा महाविद्यालयाचा विद्यार्थी असो वा त्याच कारागिराचा मुलगा. कांच ज्याप्रमाणें थांबत नाहीं, त्याप्रमाणें आयुष्यही थांबत नाहीं. दोहोंचा मऊपणा आहे तोंवरच आकार देतां येतो.